पुण्यात श्रिम्पची पिल्लं वाढवायची असतील तर आधी घरी कुठलं पाणी येतं ते बघा

श्रिम्प, म्हणजे घरच्या फिश टँकमध्ये पाळतात ती गोड्या पाण्यातली छोटी रंगीत कोळंबी. ते जगतात पण पिल्लं होत नाहीत, किंवा पिल्लं दिसतात आणि पंधरा दिवसांत गायब होतात, असं ज्यांच्याकडे चाललंय त्यांच्यासाठी हे लिहितोय. आम्ही आधी कोथरूडला जुन्या बिल्डिंगमध्ये होतो, मग उंड्रीला राहायला आलो. तोच दोन फुटी टँक, तोच स्पंज फिल्टर, तेच मॉस, तेच लाल चेरी श्रिम्प, आणि तरी इकडे आल्यावर सहा आठवड्यांत अर्ध्याहून जास्त गेले. बदललं होतं फक्त पाणी. तेव्हापासून मी पाण्याकडे नीट बघायला लागलो आणि आता कुणी विचारलं की कुठले श्रिम्प आणू, तर मी उलट विचारतो की तुमच्याकडे पाणी कुठलं येतं, कारण उत्तर तिथूनच सुरू होतं.

आधी श्रिम्पबद्दल थोडं. आपल्याकडे दुकानात चेरी, यलो, ब्लू ड्रीम, चॉकलेट वगैरे नावांनी जे मिळतात ते सगळे निओकॅरिडिना, म्हणजे एकाच जातीचे वेगवेगळे रंग. हे सगळ्यात सोशिक. यांना जीएच ६ ते १२, केएच २ ते ८, पीएच (पाणी किती आंबट त्याचा आकडा, ७ च्या खाली आंबट) ६.५ ते ८, टीडीएस साधारण १५० ते ३०० आणि तापमान २२ ते २६ मिळालं की पिल्लं होतात, जीएच, केएच आणि टीडीएस म्हणजे काय ते लगेच पुढे सांगतो. दुसरे क्रिस्टल रेड, क्रिस्टल ब्लॅक वगैरे, म्हणजे कॅरिडिना. यांना मऊ आणि थोडं आंबट पाणी लागतं, जीएच ४ ते ६, केएच ० ते १, पीएच ६ च्या आसपास, टीडीएस १०० ते १५०, आणि पाणी २४ च्या वर गेलेलं यांना आवडत नाही. तिसरे सुलावेसीचे, इंडोनेशियातल्या तलावांतले, यांना उलट २७ ते ३० डिग्री गरम आणि पीएच ८ च्या आसपासचं पाणी लागतं, ते आत्ता बाजूला ठेवू. आणि एक अमानो. अमानोच्या पोटाखाली अंडी दिसतात आणि लोक पिल्लांची वाट बघत बसतात, पण त्यांच्या अळ्यांना खारं पाणी लागतं, गोड्या पाण्यात त्या काही दिवसांत मरतात. त्यामुळे घरच्या टँकमध्ये अमानोची पिल्लं होणार नाहीत, त्यात तुमची काही चूक नाही.

आता जीएच आणि केएच म्हणजे काय ते समजून घ्या, कारण सगळा गोंधळ इथेच होतो. जीएच म्हणजे पाण्यातलं कॅल्शियम आणि मॅग्नेशियम. श्रिम्प वाढताना कात टाकतो, जुनं कवच सोडून आतून नवीन मऊ कवच घेऊन बाहेर येतो आणि ते कवच कडक व्हायला त्याला कॅल्शियम लागतं, ते तो खाण्यातून घेतो तसंच पाण्यातूनही घेतो. मादी कात टाकते तेव्हाच अंडी धरते, म्हणजे कात नीट पडली नाही तर प्रजननच होत नाही. केएच म्हणजे कार्बोनेट, हे पीएचला धरून ठेवतं, केएच शून्य असेल तर पीएच कधीही घसरू शकतो. आणि टीडीएस म्हणजे पाण्यात विरघळलेल्या सगळ्या गोष्टींचा एकूण आकडा, त्यात कॅल्शियम किती, मीठ किती, नायट्रेट किती हे तो मीटर सांगत नाही. प्रत्येक घरात आरओवाला टीडीएस मीटर बुडवून दाखवतो त्यामुळे आपल्याला वाटतं टीडीएस कळला म्हणजे पाणी कळलं, तसं अजिबात नाही, माझे श्रिम्प नेमके यामुळेच गेले, ते पुढे सांगतो.

पुण्यातलं पाणी म्हटलं तर ते एक पाणी नाहीच. जुन्या शहराला, म्हणजे पेठा, कोथरूड, सिंहगड रोड, सहकारनगर या भागांना खडकवासला साखळीचं पाणी येतं, खडकवासला, पानशेत, वरसगाव आणि टेमघर ही ती चार धरणं. पूर्वेकडे खराडी, विमाननगर, वडगाव शेरी भागात भामा आसखेडचं येतं आणि पिंपरी-चिंचवडला मुख्यतः पवनेचं. हे सगळं मूळचं सह्याद्रीवर पडलेलं पावसाचं पाणी, काळ्या बसाल्टवरून वाहत येऊन धरणात साठलेलं. बसाल्ट काही चुनखडीसारखा पटकन विरघळत नाही त्यामुळे धरणाचं पाणी मऊ असतं. कोथरूडला माझ्या नळाचा टीडीएस ८५ च्या आसपास असायचा, जीएच ३, केएच ३. तुमच्याकडे थोडा वेगळा असेल, मोजा.

बोअरचं पाणी त्याच बसाल्टमधलं, पण ते खडकाच्या भेगांमध्ये वर्षानुवर्षं मुरलेलं असतं, तेवढ्या वेळात ते कॅल्शियम, मॅग्नेशियम, बायकार्बोनेट सगळं घेऊन येतं. म्हणून बादलीला पांढरे डाग, शॉवरची भोकं बंद, केस चरचरीत. २०१७ मध्ये ११ आणि २०२१ मध्ये २३ गावं महापालिकेत आली, उंड्री, धायरी, आंबेगाव, वाघोली, पिसोळी वगैरे, पण यातल्या कितीतरी सोसायट्या अजून बोअर आणि टँकरवरच चालतात. आणि टँकर म्हणजे आज एका विहिरीचं, उद्या दुसऱ्या बोअरचं. श्रिम्पसाठी टँकरचं पाणी सगळ्यात अवघड का, तर ते वाईट असतं म्हणून नाही, ते दर वेळेला वेगळं असतं म्हणून. जीएच १४ ची सवय झालेला चेरी जगेल, पण या आठवड्यात ५ आणि पुढच्या आठवड्यात १६ हे त्याला झेपत नाही.

मोजायला काय लागतं ते सांगतो. जीएच आणि केएचचं थेंबांचं किट घ्या, दोन बाटल्या असतात, ५ मिली पाण्यात एकेक थेंब टाकून हलवायचं आणि रंग बदलेपर्यंत मोजायचं, जितके थेंब तितकी डिग्री. आपलं धरणाचं पाणी मऊ असल्यामुळे ५ ऐवजी १० मिली पाणी घ्या, मग प्रत्येक थेंब अर्धी डिग्री होतो आणि ३ आहे की ४ हे स्पष्ट कळतं. एक डिग्री म्हणजे १७.८ पीपीएम, बोअरच्या लॅब रिपोर्टमध्ये हार्डनेस ३५६ लिहिलेला असेल तर तो २० डिग्री जीएच. कागदी पट्ट्यांवर विसंबू नका, त्यात ४ आणि ८ यातला फरकसुद्धा नीट दिसत नाही. टीडीएस मीटर हवाच, स्वस्त चालेल. अमोनिया, नायट्राइट आणि नायट्रेट, म्हणजे टँकमधल्या घाणीतून तयार होणारी घातक द्रव्यं, यांचं किट हवं, बोअर असेल तर नळाच्या पाण्याचं नायट्रेट पण बघा, वस्तीतल्या बोअरला ड्रेनेज झिरपून नायट्रेट जास्त निघू शकतं. पीएच मोजताना पाणी एक दिवस उघडं ठेवा मग मोजा, बोअरच्या ताज्या पाण्यात कार्बन डायऑक्साइड असतो त्यामुळे पीएच कमी दिसतो आणि दुसऱ्या दिवशी तोच वर गेलेला असतो.

एकदाच मोजून थांबू नका. चार आठवडे दर रविवारी नळाचं पाणी मोजून भिंतीवरच्या कॅलेंडरच्या चौकोनात तीन आकडे लिहा, जीएच केएच टीडीएस. टीडीएस चार वेळा ८० ते १०० मध्येच राहिला तर तुमचं पाणी स्थिर आहे, त्यावर काम करता येतं. ९० मग ३४० मग २१० असं आलं तर सोसायटी पाण्यात पाणी मिसळतेय, त्या नळावर प्रजनन करायच्या फंदात पडू नका, सरळ आरओकडे जा.

आता एकेक पाणी घेऊ.

ज्यांच्याकडे धरणाचं पाणी आहे ते नशीबवान आहेत कारण मऊ पाण्यात भर घालणं सोपं असतं, कडक पाण्यातून काढणं अवघड. जीएच ३ वर चेरी जगतात पण कात अडकते, डोक्याचं कवच आणि शेपटाकडचा भाग यांच्यामध्ये पांढरी रिंग दिसते आणि असा श्रिम्प बहुतेक वेळा मरतो. कोथरूडला मला अधूनमधून अशी रिंग दिसायची आणि मी खाणं बदलत बसलो होतो. करायचं एवढंच की जीएच ३ वरून ७ वर न्यायचा. त्यासाठी श्रिम्पसाठीचं तयार मिनरल मीठ मिळतं ते पाकिटावर लिहिल्याप्रमाणे घाला, महाग असतं पण चुकायची शक्यता कमी. घरी करायचं असेल तर २० लिटरला १.८ ग्रॅम फूड ग्रेड कॅल्शियम सल्फेट आणि ०.९ ग्रॅम एप्सम सॉल्ट, म्हणजे शुद्ध मॅग्नेशियम सल्फेट, बागेला घालतात तेच पण खत वगैरे न मिसळलेलं. एवढ्याने जीएच ४ डिग्री वाढतो, ३ कॅल्शियमचे आणि १ मॅग्नेशियमचा, आणि टीडीएस ८५ चा १८० च्या आसपास जातो. छोटा डिजिटल काटा लागेल, ०.०१ ग्रॅम दाखवणारा, चमच्याच्या मापाने हे काम होत नाही. कॅल्शियम सल्फेट फार हळू विरघळतं, दोन लिटरच्या बाटलीत आदल्या दिवशी टाकून मधूनमधून हलवत राहा, मग ती बाटली बादलीत ओता. आणि कृपा करून पीओपी वापरू नका, रासायनिकदृष्ट्या जवळचं असलं तरी बांधकामाच्या पीओपीत आणखी काय मिसळलंय ते आपल्याला कळत नाही.

समुद्रफेन टाका, शिंपले टाका, अंड्याची टरफलं टाका असं बरेच लोक सांगतात. लव्हबर्डच्या पिंजऱ्यात लावतात तो समुद्रफेन मी पण टाकून बघितला. पाणी आंबट असेल तर तो विरघळतो, पीएच ७.५ असेल तर महिना झाला तरी जीएच जेमतेम हलतो. श्रिम्प त्याला कुरतडतात ते चांगलंच, राहू दे टँकमध्ये, पण त्यावर जीएच अवलंबून ठेवू नका.

धरणाच्या पाण्यात दोन गोष्टी बघायच्या, क्लोरीन आणि पावसाळा. क्लोरीन श्रिम्पच्या गिल्स जाळतो आणि फिल्टरमधले बॅक्टेरिया मारतो, त्यामुळे पाणी बादलीत एअर पंप लावून २४ तास ठेवा किंवा अँटीक्लोरीन घाला, दुकानातले ते पांढरे खडे म्हणजे सोडियम थायोसल्फेट, अगदी थोडं लागतं. मी दोन्ही करतो. जूनपासून धरणात गढूळ पाणी यायला लागलं की तुरटी आणि क्लोरीन दोन्हीचं प्रमाण वाढतं, नळ सोडल्यावर वास येतो तो क्लोरीनचाच. आणि आपल्याकडे गुरुवारी दुरुस्तीसाठी पाणी बंद, शुक्रवारी उशिरा आणि कमी दाबाने येणार हे ठरलेलं, त्या शुक्रवारचं पहिलं पाणी पाइपातला सगळा गाळ घेऊन येतं. ते भांड्यांना झाडांना वापरा. श्रिम्पचं पाणी मी मंगळवारी भरतो, गुरुवारी बंद असलं तरी अडत नाही.

गच्चीवरची टाकी धुतात तेव्हा तर फारच जपा. एका सोसायटीत टाकी धुवून ब्लीचिंग पावडर टाकली होती, नोटीस लिफ्टमध्ये लावली होती पण मी जिन्याने येतो-जातो, मला दिसलीच नाही. नेहमीएवढं अँटीक्लोरीन घातलं, ते पुरलं नाही आणि रात्रीत चौदा श्रिम्प गेले, त्यात पाच अंडीवाल्या होत्या. आता वॉचमनकाकांना सांगून ठेवलंय की टाकी धुणार असाल तर आदल्या दिवशी सांगा, ते आठवणीने सांगतात. आणि क्लोरीनची स्वस्त चाचणी मिळते, दोन थेंब टाकले की पाणी पिवळं होतं, ती घरात असू द्या.

बोअरचं पाणी. सरसकट वाईट नाही. समजा जीएच २०, केएच १४, टीडीएस ६०० आहे, तर एक बादली बोअर आणि दोन बादल्या आरओ मिसळलं की जीएच साडेसहा-सात, केएच साडेचार-पाच, टीडीएस २१० च्या जवळ, म्हणजे चेरीसाठी अगदी छान पाणी आणि वेगळं मिनरल काहीच घालायला नको. हिशोब सोपा आहे, आरओचा जीएच शून्य धरा आणि बोअरच्या आकड्याला एकूण बादल्यांनी भागा. पण हे तुमचं एकच बोअर असेल आणि आकडे स्थिर असतील तरच. बोअर उन्हाळ्यात खाली जातं तसे आकडे वाढतात आणि पावसानंतर पुन्हा उतरतात, म्हणून दर महिन्याला मोजून प्रमाण बदला. आणि हे पाणी कॅरिडिनासाठी नाही. कॅरिडिनासाठी जी अॅक्टिव्ह सॉइल टाकतात ती पाण्यातला केएच ओढून पीएच खाली ठेवते, तिच्यावर बोअरचं पाणी घातलं तर ती काही आठवड्यांतच दमते आणि एवढी महागाची माती नुसती माती राहते.

आता माझी चूक. उंड्रीच्या सोसायटीत पार्किंगमध्ये निळ्या टाक्यांचा सॉफ्टनर प्लांट आहे, शेजारी मिठाच्या गोण्या रचलेल्या असतात. तुमच्याकडे अशा गोण्या दिसल्या तर समजा तुमचं पाणी सॉफ्टनरमधून येतंय. सॉफ्टनर काय करतो, तर कॅल्शियम आणि मॅग्नेशियम काढून घेतो आणि त्याच्या जागी सोडियम सोडतो. एकूण क्षार तेवढेच राहतात म्हणून टीडीएस बदलत नाही. मी नळाचा टीडीएस मोजला, ५८०, म्हटलं बोअरचं कडक पाणी आहे, दोन भाग आरओ घालून २०० वर आणलं आणि खूश झालो की आकडा अगदी पुस्तकातला आलाय. जीएच मोजलाच नाही. ते पाणी म्हणजे जवळजवळ नुसतं सोडियम बायकार्बोनेट होतं. श्रिम्प पहिले दोन आठवडे ठीक, मग कात टाकायची वेळ आली तसे एकेक करून गेले, कुणाला पांढरी रिंग, कुणी अर्ध्या कातेत अडकलेला. जीएचचं किट घेऊन आलो, पहिल्याच थेंबाला रंग हिरवा झाला. जीएच एकच्या आत. त्या दिवशी फार वाईट वाटलं, कारण बिचारे माझ्यासमोर सहा आठवडे सांगत होते आणि मी मीटरकडे बघत होतो.

सॉफ्टनर असेल तर तीन मार्ग. सोसायटीच्या बागेच्या नळाला बहुतेक कच्चं बोअर असतं, प्लंबरला विचारा, ते असेल तर वर सांगितलं तसं आरओत मिसळा. नाहीतर सॉफ्टनरचं पाणी आरओमधून काढा, सोडियमही निघतं आणि मेंब्रेनवर चुना बसत नाही म्हणून ती टिकते पण जास्त. त्यानंतर मिनरल घाला. सॉफ्टनरच्या पाण्यात थेट कॅल्शियम घालून भागवता येईल का, तर जीएच वर जाईल पण सोडियम आणि केएच तसेच राहणार आणि टीडीएस ६५०-७०० होणार, जगतील कदाचित पण पिल्लांसाठी मी ते करणार नाही.

आरओ वापरणार असाल तर स्वयंपाकघरातल्या मशीनच्या नळाचं पाणी जसंच्या तसं घेऊ नका. त्यात टीडीएस कंट्रोलर असतो, तो चवीसाठी थोडं कच्चं पाणी परत मिसळतो, आणि पुढे मिनरलची कार्ट्रिज असते. सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे हल्ली बऱ्याच मशीनमध्ये कॉपरची कार्ट्रिज असते, तांब्याचं पाणी म्हणून. माणसाला चालतं, श्रिम्पला तांबं विष आहे, फार थोडं असलं तरी. टेक्निशियनला सांगून मेंब्रेनच्या लगेच पुढे एक टी, म्हणजे तीन तोंडांचा जोड, बसवून घ्या आणि तिथून पाणी काढा, टीडीएस १० ते २० आला पाहिजे. आरओ मशीन बाहेर सोडतं ते पाणी वाया घालवू नका, बादली लावून ठेवा, फरशी पुसायला संडास धुवायला होतं, आमच्याकडे एप्रिल-मेमध्ये टँकरचे हाल असतात तेव्हा ते फेकणं बरं वाटत नाही. २० लिटरचे जार आणत असाल तर प्रत्येक जार मोजा, एकाच दुकानातल्या दोन जारांमध्ये मला ३५ आणि १२० असा फरक मिळालाय.

नुसत्या आरओवर चेरीसाठी माझं प्रमाण असं आहे, २० लिटरला २.४ ग्रॅम कॅल्शियम सल्फेट, १.८ ग्रॅम एप्सम सॉल्ट आणि १.२ ग्रॅम खायचा सोडा. जीएच ६, केएच २, टीडीएस २१५ च्या आसपास. सोडा म्हणजे सोडा, बेकिंग पावडर नाही, तिच्यात आम्ल आणि स्टार्च पण असतो. कॅरिडिनासाठी सोडा अजिबात नको, केएच शून्यच ठेवायचा असतो. तयार मीठ घेताना पण हेच बघा, जीएच प्लस लिहिलेलं कॅरिडिनासाठी आणि जीएच केएच प्लस लिहिलेलं चेरीसाठी.

तांब्याचं अजून थोडं, कारण आपल्या घरात ते सगळीकडे आहे. तांब्याच्या पिंपात किंवा हंड्यात रात्रभर ठेवलेलं पाणी नको. गीझरचं गरम पाणी मिसळून थंडीत पाणी कोमट करू नका, गॅस गीझरची कॉइल तांब्याची असते, इन्स्टंट गीझरमध्येही बऱ्याचदा तांबं असतं. एसीचं ठिबकणारं पाणी डिस्टिल्डसारखं असतं असं ऐकून लोक साठवतात, पण ते तांब्याच्या नळ्यांवरूनच आलेलं असतं. विहिरीत शेवाळ मारायला मोरचूद टाकतात, मोरचूद म्हणजे कॉपर सल्फेट, टँकर विहिरीचा असेल तर हा धोका धरून चाला. माशांच्या पांढऱ्या ठिपक्यांच्या औषधातही तांबं असू शकतं, लेबल वाचा.

पावसाचं पाणी मला स्वतःला फार आवडतं. जीएच शून्य, फुकट, आरओसारखंच वापरता येतं. पण पहिले आठ-दहा दिवस गच्ची आणि हवा धुतली जाते ते सोडून द्या, सलग झड लागली की मग धरा, आणि पत्र्यावरून नाही, जस्ताच्या पत्र्याचं जस्त उतरतं. मोकळ्या गच्चीत प्लास्टिकचा स्वच्छ टब ठेवायचा. जवळपास पेस्ट कंट्रोल किंवा डासांची फवारणी झाली असेल तर ते पाणी टाकून द्या.

तापमानाकडे लोक पाण्याचा भाग म्हणून बघत नाहीत. पुण्यात एप्रिलमध्ये ३९-४० होतं, वरच्या मजल्यावर टँक ३१ पर्यंत जातो, पाण्यातला ऑक्सिजन कमी होतो, मादी अंडी टाकून देते. तपकीर गल्लीतून १२ व्होल्टचा कॉम्प्युटरचा पंखा आणून पाण्यावर वारा मारला तर दोन-तीन डिग्री उतरतं. पण पाणी झपाट्याने उडतं, आणि उडतं ते नुसतं पाणी, क्षार मागे राहतात, म्हणून रोजची भर नेहमी आरओने किंवा पावसाच्या पाण्याने करा, मिनरल घातलेल्या पाण्याने केली तर महिन्यात टीडीएस २०० चा ३०० झालेला दिसेल. याच कारणासाठी चिलर, म्हणजे पाणी थंड करायचं मशीन, नसेल तर पुण्यात कॅरिडिनाने सुरुवात करू नका, असं माझं स्पष्ट मत आहे. ऑक्टोबर ते फेब्रुवारी छान चालतात आणि मेमध्ये सगळं जातं. गच्चीवरच्या काळ्या टाकीचं पाणी उन्हाळ्यात दुपारी चटका बसेल इतकं गरम असतं आणि डिसेंबरात सकाळी बर्फासारखं, तयार केलेलं पाणी टँकशेजारी एक दिवस ठेवलं की दोन्ही प्रश्न सुटतात.

पाणी ठरलं की टँक चार ते सहा आठवडे श्रिम्पशिवाय चालवा, त्याच पाण्यावर. अमोनिया आणि नायट्राइट शून्य, नायट्रेट २० च्या आत, आणि काचेवर दगडावर हलकी हिरवट-तपकिरी साय धरलेली दिसली पाहिजे. पिल्लं पहिले काही आठवडे तीच साय खातात, चकचकीत नवीन टँकमध्ये पाणी कितीही बरोबर असलं तरी ती उपाशी मरतात. मग दहा-बारा श्रिम्प आणा, त्याहून जास्त नको. दुकानदाराच्या पिशवीतलं पाणी मोजा, फरक असणारच. एअर पंपच्या बारीक नळीला गाठ मारून सेकंदाला एक-दोन थेंब असं तुमचं पाणी त्यांच्या डब्यात दोन-तीन तास सोडत राहा.

नंतर आठवड्याला १० टक्के पाणी बदला, त्याहून जास्त नाही, आणि नवीन पाणी टँकच्या टीडीएसच्या २०-३० च्या आत असू द्या, तेसुद्धा नळीने हळूहळू. टँक घाण दिसतोय म्हणून अर्धं पाणी एकदम बदललं की दुसऱ्या दिवशी सगळे एकदम कात टाकतात आणि त्यात काही जातात. टँकचा जीएच ९ झालाय आणि तुम्हाला ७ हवाय, पण पिल्लं होतायत, तर हात लावू नका. मी एका मित्राच्या टँकमध्ये जीएच १३ वर शेकडो चेरी बघितलेत, तो पाच वर्षं तेच बोअर, तीच बादली, तोच रविवार असं करतोय.

पाणी जमतंय हे कसं कळतं, तर रिकाम्या काती अखंड आणि पारदर्शक सापडायला लागतात, त्या काढू नका, श्रिम्प खातात. मादीच्या मानेमागे पिवळसर किंवा हिरवट खोगिरासारखा पट्टा दिसतो. मग एखाद्या संध्याकाळी नर वेड्यासारखे टँकभर पोहतात, म्हणजे कुणीतरी मादीने कात टाकलीय, आणि दुसऱ्या दिवशी तिच्या पोटाखाली वीस-तीस अंडी दिसतात. तिथून २५ ते ३५ दिवस, पाणी थंड असेल तर जास्त. या दिवसांत मी पाणी बदलणं ५ टक्क्यांवर आणतो, नवीन झाड नाही, नवीन दगड नाही, नवीन खाणं नाही. अंड्यांत दोन काळे ठिपके, म्हणजे डोळे, दिसले की आठवड्याभरात पिल्लं बाहेर येतात, दोन-तीन मिलिमीटरची. मोजायची असतील तर रात्री दिवा बंद झाल्यावर तासाभराने टॉर्च तिरका धरून मॉसमध्ये बघा, दिवसा अर्धीसुद्धा दिसत नाहीत.